उच्च न्यायालयाच्या खंडपीठांची रचना : कलम ५१ आणि पुण्याचा अनुत्तरित प्रश्न

प्रस्तावना

दि. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे कार्यरत झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणे तेथे चालतात. कोल्हापूरहून मुंबईचा सुमारे पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास करणाऱ्या पक्षकारांना यामुळे मोठा दिलासा मिळाला, हे निर्विवाद आहे. पुणे जिल्हा मात्र मुंबईच्याच अधिकारक्षेत्रात राहिला. या निर्णयाचे मूल्यमापन त्याच्या फलिताइतकेच त्याच्या प्रक्रियेच्या अंगानेही होणे आवश्यक आहे.

विवेचन

राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन मार्ग आहेत. पोटकलम (२) नुसार राष्ट्रपती राज्यपाल व मुख्य न्यायमूर्ती यांच्याशी विचारविनिमय करून कायम खंडपीठ स्थापन करू शकतात. पोटकलम (३) नुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने अन्य ठिकाणी न्यायाधीशांच्या बैठका ठरवू शकतात. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८१ मध्ये दुसऱ्या मार्गाने काम सुरू झाले. उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. परंतु 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध नारायण शामराव पुराणिक' या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला. १९८४ मध्ये ते खंडपीठ कायम झाले.

या इतिहासातील एक बाब पुण्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. दि. २२ मार्च १९७८ रोजी महाराष्ट्र विधानसभेने औरंगाबादबरोबर पुण्यातही कायम खंडपीठ व्हावे, अशी शिफारस केली होती. ठराव एकच होता. मात्र त्याचा अर्धाच भाग फलद्रूप झाला. उरलेला अर्धा भाग कोणत्या कारणास्तव मागे राहिला, याचे सकारण उत्तर देण्याचे बंधन कायद्याने कोणावरही घातलेले नाही. हीच कलम ५१ ची उणीव होय. १९८१ मध्ये नेमलेल्या न्या. जसवंतसिंग आयोगाने खंडपीठांच्या प्रश्नाचा अभ्यास करून १९८५ मध्ये अहवाल दिला. तरीही कोणतेही निकष या कलमात समाविष्ट झाले नाहीत.

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील संघीय अपील न्यायालयांची विभागणी काँग्रेसच्या कायद्यानेच होते. सहा राज्यांच्या पाचव्या सर्किटमधून अलाबामा, जॉर्जिया व फ्लोरिडा वेगळे काढून अकरावे सर्किट निर्माण करणारा कायदा १९८० मध्ये झाला व १ ऑक्टोबर १९८१ पासून अमलात आला. नवव्या सर्किटच्या विभाजनाची विधेयके मात्र वारंवार मांडली जाऊनही संमत झालेली नाहीत. तेथे चर्चा उघडपणे होते, पण निर्णय दशकानुदशके लांबतो. येथे निर्णय त्वरित होऊ शकतो, पण त्याची मीमांसा लोकांसमोर येत नाही. दोन्ही पद्धतींना मर्यादा आहेत.

पुण्याच्या मागणीविरुद्धचा युक्तिवादही दुर्लक्षणीय नाही. मुंबई सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे, द्रुतगती मार्ग उपलब्ध आहे, आणि पुण्याची प्रकरणे वेगळी काढल्यास मुख्य पीठाचे स्वरूप बदलेल. तथापि अंतर हा एकमेव निकष मानता येत नाही. भोर वा वेल्ह्याच्या डोंगराळ भागातील शेतकऱ्यास प्रत्येक तारखेला बुडणारी मजुरी, वकिलाचा प्रवासखर्च आणि मुंबईतील मुक्काम यांचा हिशेब नकाशावरील किलोमीटरमध्ये मांडता येत नाही.

निष्कर्ष

कलम ५१ मध्ये दुरुस्ती करून अंतर, प्रकरणांची संख्या, पक्षकारांची आर्थिक स्थिती व न्यायाधीशांची उपलब्धता हे निकष नमूद करावेत. तसेच विधिमंडळाच्या ठरावावर ठरावीक मुदतीत सकारण निर्णय देणे बंधनकारक करावे. मुख्य न्यायमूर्तींच्या अधिकाराचा संकोच यात अभिप्रेत नाही. निकालपत्रात कारणे देणे हा ज्या संस्थेचा नित्यधर्म आहे, तिच्या रचनेसंबंधीच्या निर्णयासही तोच नियम लागू व्हावा, एवढेच अपेक्षित आहे. पुण्याला खंडपीठ मिळावे किंवा न मिळावे, याविषयी मतभेद संभवतात. १९७८ च्या ठरावाला उत्तर मिळावे, याविषयी ते संभवू नयेत.