‘सढळ’: एका मूल्यवाचक शब्दाची मर्यादा

मराठी समीक्षेच्या परिभाषेत ‘सढळ’ या शब्दाला स्थान नाही; तिच्या व्यवहारात मात्र तो वारंवार भेटतो. ‘कवीने प्रतिमांचा सढळ वापर केला आहे’ या विधानात गुण सांगितला आहे की दोष, हे बहुधा अनिर्णित राहते. औदार्य आणि अतिरेक या दोहोंना स्पर्श करणाऱ्या या शब्दाचा अर्थव्यापार म्हणूनच तपासणे आवश्यक ठरते.

‘सढळ’ हे विशेषण मुख्यतः हाताला आणि मापाला लागते. सढळ हाताने देणारा ठरल्याहून थोडे अधिक देतो. ‘आखडता हात’ हा त्याचा विरोधी प्रयोग. म्हणजे येथे माप आधीच गृहीत असते आणि ते भरल्यानंतरचे आधिक्य हा शब्द दर्शवितो. ‘सैल’चे तसे नाही. गाठ सैल होते, शिस्त सैल होते, जीभ सैल सुटते; तेथे बांधून ठेवणारे बंधनच ढिले पडलेले असते. ‘अघळपघळ’मध्ये तर मापाची जाणीवही उरत नाही.

हा भेद साहित्यविचारात निर्णायक आहे. गीतेच्या 700 श्लोकांवर ‘ज्ञानेश्वरी’त सुमारे 9000 ओव्या येतात, एकेका कल्पनेसाठी दृष्टान्तांची रांग लागते. तरीही ही रचना सैल वाटत नाही. पहिल्या तीन चरणांचे यमक आणि बहुधा आखूड असणारा निर्यमक चौथा चरण हे ओवीचे माप प्रत्येक दृष्टान्ताला पाळावे लागते. औचित्यभंग हे रसभंगाचे कारण मानणाऱ्या आनंदवर्धनाच्या भूमिकेतूनही हेच निष्पन्न होते की, आधिक्याचा निकष संख्या हा नसून प्रयोजन हा आहे. मर्ढेकरांनी लयतत्त्वांत समतोलाला दिलेले स्थान याच दिशेने नेते.

प्रश्न बिकट होतो तो मूल्यमापनात. परीक्षकाने ‘सढळ हाताने गुण दिले’ असे म्हणताना त्याच्या उदारतेचे कौतुक होते, पण निकष ढळल्याची नोंदही होते. प्रस्तावना आणि परीक्षणे यांतील विशेषणांची अवस्था याहून निराळी नाही. दाता आपल्या पदरचे देतो. समीक्षक जे देतो ते वाचकांच्या आणि वाङ्मयीन परंपरेच्या विश्वासातून आलेले असते. प्रत्येक दुसरा संग्रह ‘युगप्रवर्तक’ ठरू लागला की, ज्याने खरोखर वळण घडविले त्याच्यासाठी शब्दच शिल्लक राहत नाही, आणि त्याची झीज त्याच कवीला सोसावी लागते.

नवोदिताविषयीची सहानुभूती गैर नाही. ती सावकाश, पुनःपुन्हा केलेल्या वाचनातून आणि सामर्थ्यस्थळांच्या नेमक्या निर्देशातून व्यक्त होऊ शकते. तेथे समीक्षकाने हात आखडता घेण्याचे कारण नाही. निर्णयाच्या क्षणी मात्र माप कोणते, हे त्याने आधी सांगितलेले असले पाहिजे. तसे झाले तरच त्याच्या सढळपणाला औदार्य म्हणता येईल. एरवी तो सैलपणाच होय.