फंक्शनची व्याख्या एक, गणितं मात्र दुसरीच

क्ष² हे फंक्शन वन-वन आहे का?

‘नाही, कारण २ आणि −२ दोघांचाही वर्ग ४’ असं उत्तर तुम्ही दिलं असेल, तर तुम्ही अकरावीला नीट अभ्यास केला होता. माझी तक्रार त्या अभ्यासाबद्दलच आहे. मुळात माझा प्रश्नच अपुरा होता. क्षच्या जागी कोणत्या संख्या घ्यायच्या, हे मी सांगितलंच नाही. शून्य आणि धन संख्याच घेतल्या, तर उत्तर ‘हो’ होतं.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या सहसा बरोबर असते. दोन संच घ्या. पहिल्यातल्या प्रत्येक घटकाला दुसऱ्यातला एक आणि एकच घटक जोडून देणं म्हणजे फंक्शन (मराठीत फल किंवा फलन). पहिला संच डोमेन, दुसरा को-डोमेन. पण पान उलटलं की संच गायब! पुढे बहुपदी, घातांकी, लॉगरिदम, त्रिकोणमितीय अशी सूत्रांची रांग लागते, आणि फंक्शन म्हणजे सूत्र हे डोक्यात पक्कं बसतं.

गंमत म्हणजे ही समजूत एके काळी हीच व्याख्या होती. १७४८ च्या ग्रंथात ऑयलरने फंक्शन म्हणजे चल आणि स्थिर राशींपासून बनलेली पदावली, असंच म्हटलं. १७५५ मध्ये त्यानेच ती कल्पना रुंद केली. पुढे १८२९ मध्ये डिरिक्लेने परिमेय संख्यांना एक किंमत आणि अपरिमेय संख्यांना दुसरी किंमत देणारं फंक्शन मांडलं. त्याचा आलेख कागदावर काढताच येत नाही, तरी ते फंक्शन आहे. आपली पुस्तकं व्याख्या डिरिक्लेनंतरची देतात आणि गणितं मात्र ऑयलरच्या काळातली सोडवून घेतात.

सूत्रं नकोत असं मी म्हणत नाही. कॅल्क्युलस त्यांच्याशिवाय पुढे सरकणार नाही. पण फंक्शनचे प्रकार शिकवायला सुरुवात तिथून नको. त्यापेक्षा एसटीचं तिकीट घ्या. साध्या गाडीचं भाडं टप्प्यांवर ठरतं, सहा किलोमीटरचा एक टप्पा. तुम्ही ७ किलोमीटर गेलात काय किंवा ११ गेलात काय, पैसे दोन टप्प्यांचेच. प्रत्येक अंतराला एकच भाडं आहे, म्हणजे हे फंक्शन झालं. दोन वेगळ्या अंतरांना तेच भाडं येतं, म्हणून ते वन-वन नाही. को-डोमेनमध्ये सगळ्या धन रकमा घेतल्या तर ते ऑन-टूही नाही, कारण बऱ्याच रकमांचं तिकीट निघतच नाही. को-डोमेनमध्ये फक्त प्रत्यक्ष लागणारी भाडी ठेवा, तेच फंक्शन ऑन-टू होतं. आता डोमेनही बदला: अंतराऐवजी टप्प्यांची संख्या घ्या. टप्पा वाढला की भाडं वाढतं, म्हणून ते वन-वनही झालं.

म्हणजे वन-वन किंवा ऑन-टू हा एकट्या नियमाचा गुण नाही. दोन्ही संच आणि नियम, तिन्ही मिळून तो ठरतो.

याने काय बिघडतं, असं वाटेल. बारावीला साइनचं इन्व्हर्स येतं तेव्हा ते कळतं. −९०° ते ९०° ही मर्यादा मी तक्त्यातून पाठ केली होती. साइनची तीच किंमत पुन्हा पुन्हा येते, म्हणजे ते वन-वन नाही. किमतीवरून कोन परत शोधायचा तर डोमेन कापावंच लागतं, ही मर्यादा त्यासाठीच आहे. एसटीतही तसंच: नुसत्या तिकिटाच्या रकमेवरून टप्पे सांगता येतात, नेमकं अंतर नाही. हे मला एमएस्सीला उमगलं, तेही एका पेपरात मार्क गेल्यावर.

तुम्ही शिकवत असाल तर एवढंच करून बघा. ‘हे फंक्शन वन-वन आहे का?’ असं विचारा आणि डोमेन मुद्दाम सांगू नका. जो विद्यार्थी ‘कुठून कुठे?’ असं उलट विचारेल, त्याला फंक्शन कळलंय.