मुळशी सत्याग्रह आणि सहभागाचा हिशेब

लोक चळवळीत का येतात, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा पुढाऱ्यांच्या चरित्रांतून विचारला गेला. त्यामुळे त्याचे उत्तरही पुढाऱ्याच्या वाणीत अथवा त्यागात शोधण्याची सवय जडली. मॅन्कर ऑल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने 1965 साली 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह ॲक्शन' या ग्रंथात हा प्रश्नच उलटा केला. चळवळीचे फळ जर सर्वांनाच मिळणार असेल, तर एकट्याने लाठी व तुरुंग का पत्करावा? न येणे हेच स्वाभाविक होय. येण्याचे मात्र कारण सांगावे लागते. गट लहान असेल, किंवा येणाऱ्यास काही निराळा लाभ व न येणाऱ्यास काही निराळा दंड असेल, तरच माणसे एकत्र येतील, असे त्याचे प्रतिपादन आहे. हा सिद्धान्त आता पदव्युत्तर वर्गांत इतका रुळला आहे की, गणितातील सूत्राप्रमाणे तो कोणत्याही चळवळीस लावला जातो. पुणे जिल्ह्यातीलच एका चळवळीवर तो घासून पाहिला असता काय आढळते, ते येथे मांडावयाचे आहे.

मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले. त्याच्या पाण्यावर वीज निर्माण करून ती मुंबईस पुरवावयाची होती. या धरणाखाली 52 गावे व सुमारे 11,000 माणसे येत होती, असा आकडा सर्वसाधारणपणे दिला जातो. बुडणारी जमीन खोऱ्यातील उत्तम भाताची होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहास आरंभ झाला. मावळे मोठ्या संख्येने धरणाच्या जागी बसले आणि काम थांबले. त्याच महिन्यात गांधीजींनी 'यंग इंडिया'त या लढ्याविषयी लिहिले. पुढे काम पुन्हा सुरू झाले, सत्याग्रहही पुन्हा झाला, धरपकड झाली. पण माणसे हळूहळू गळत गेली. 1924 च्या अखेरीस सेनापती बापटांनी शस्त्र हाती घेऊन कंपनीची आगगाडी अडवली, तेव्हा ही लोकांची चळवळ उरली नव्हती.

ऑल्सनच्या सिद्धान्ताची येथे पहिली अडचण आरंभातच येते. पहिल्या दिवशी माणसे यावयास नको होती, आणि ती आली. मार्क ग्रॅनोव्हेटरने 1978 मध्ये मांडलेली कल्पना या ठिकाणी अधिक उपयोगी पडते. इतर किती जण आले म्हणजे मी येईन, याची प्रत्येकाची मर्यादा वेगळी असते, असे तो म्हणतो. गाव एरवीही ज्या दिवशी देवळापुढे जमते, त्या दिवशी कोण आला व कोण आला नाही हे सर्वांस दिसते. भाऊकी व पंगत यांच्या जगात हे दिसणेच मोठे कारण ठरते. रामनवमीचा असा परिणाम झाला असावा, हे अर्थात आमचे अनुमान आहे. यालाही निराळा लाभ वा निराळा दंड म्हणता येईल, असे ऑल्सनचा पक्षपाती म्हणेल. परंतु अब्रूपासून आप्तसंबंधापर्यंत सर्व काही त्या एका शब्दात कोंबले, तर सिद्धान्त खोटा ठरण्याची शक्यताच उरत नाही. आणि जो खोटा ठरू शकत नाही तो फारसे काही सांगतही नाही.

गळतीच्या बाबतीत मात्र ऑल्सनचा हिशेब बराच जुळतो. धरण थांबणे ही अविभाज्य गोष्ट होती. ते थांबले असते तर सर्वांसाठीच थांबले असते. नुकसानभरपाई ही तशी नव्हे. ती खात्यागणिक मोजली जाते व ज्याच्या त्याच्या हाती पडते. 1894 च्या भूसंपादन कायद्याचे सामर्थ्य, आमच्या मते, जमीन घेण्यापेक्षा या मोजणीत अधिक होते. बावन गावांचा एक प्रश्न त्याने शेकडो खातेदारांच्या शेकडो प्रश्नांत वाटून टाकला. भरपाईचा दर वाढला की प्रत्येक जण एकटा पडतो, आणि एकटा पडलेला माणूस हिशेब करू लागतो.

येथेच राजेंद्र व्होरा यांच्या ग्रंथाकडे वळावे लागते. 'द वर्ल्ड्स फर्स्ट अँटी-डॅम मूव्हमेंट' या नावाने 2009 साली इंग्रजीत आलेला हा अभ्यास केवळ स्तुतिपर इतिहास नाही. सावकार-जमीनदार, पुण्यातील पुढारी व मावळी शेतकरी यांचे हितसंबंध एक नव्हते, हे त्यांनी दाखविले आहे. पुष्कळ जमीन पुण्यात राहणाऱ्या सावकारांच्या नावे होती व कसणारा कूळ होता. म्हणजे भरपाई घेणारा एक आणि घरदार बुडणारा दुसरा! ऑल्सनचा व्यक्ती नावाचा घटक या ठिकाणी दुभंगतो. ज्याच्याकडे नफातोट्याचा हिशेब होता त्याला लढण्याचे कारण नव्हते. ज्याला कारण होते त्याचा हिशेब सावकाराच्या वहीत होता. ऑल्सनच्या माणसाला कर्ज नाही, ही त्या ग्रंथातील मोठी उणीव होय. कुळाने माघार घेतली ती दुसरा लढेल व मला फळ मिळेल या चतुराईने घेतली, असे म्हणणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

तथापि व्होरांच्या वर्गीय विवेचनाने सर्व उलगडा होतो असेही नाही. हितसंबंध आरंभापासूनच भिन्न होते, तर आरंभीची एकजूट कशी झाली? आणि स्वतः बापट? पारनेरच्या या गृहस्थाचे बुडणाऱ्या जमिनीत खाते नव्हते. तरीही सर्वांत अखेरपर्यंत तेच राहिले व त्यासाठी त्यांनी दीर्घ तुरुंगवास भोगला. वर्गाचा हिशेब आणि व्यक्तीचा हिशेब, दोन्ही त्यांच्यापाशी येऊन थांबतात.

याच जिल्ह्यातील चाकणच्या कांदा आंदोलनाशी तुलना केल्यास मुद्दा स्पष्ट होईल. शरद जोशी यांनी तेथून उभी केलेली चळवळ 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक भागात कांदा व उसाच्या भावासाठी रस्त्यावर उतरली. भाव ही वस्तू खातेवार वाटता येत नाही. एका शेतकऱ्यास गुपचूप वाढवून देऊन त्याला घरी पाठविण्याची सोय सरकारपाशी नव्हती. मुळशीस जी फूट पडू शकली, ती पाडण्याचे साधनच येथे नव्हते.

उलट बाजू पाहावयाची तर मुळशीहून पूर्वेस, कालव्याच्या प्रदेशात यावे. खडकवासल्याच्या पाण्याने हडपसर, मांजरी या भागात ऊस आला. शेजारी थेऊरला यशवंत सहकारी साखर कारखाना निघाला, आणि मांजरीतच उसाच्या संशोधनाची संस्था उभी राहिली. गाळप चालू असतानाच्या काळात येथील उत्पादक भावाची मागणी करणार कोणाकडे? ज्या कारखान्याचा तो स्वतः सभासद व भागधारक, त्याच्याकडेच. मोर्चात जावे तर आपल्याच दारी जावयाचे, आणि ऊस तोडीची पाळी संचालकांच्या हाती. अशा गावात कोणी मोर्चास गेला नाही, तर त्याला उदासीन म्हणावे काय? कागदपत्रे येथे साहाय्य करीत नाहीत. तुरुंगाच्या नोंदवह्या व वृत्तपत्रे आलेल्यांची मोजदाद करतात. घरी राहिलेल्यांची यादी कोणीच ठेवीत नाही. म्हणून चळवळींवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सभेच्या जागेइतकाच वेळ तलाठ्याच्या दप्तरात व सोसायटीच्या कर्जखात्यात घालवावा, अशी आमची सूचना आहे.