गाविलगडानंतरचा खासदार

अचलपुरात आर्थर वेलस्लीचं नाव काढलं की माणूस थेट गाविलगडावर जातो. १५ डिसेंबर १८०३, तटाला पडलेलं खिंडार, किल्लेदार बेनीसिंग. साहजिक आहे. आडगावच्या लढाईतले जखमी ठेवायला त्यानं दवाखाना उघडला तोही याच गावात. पण आज मी बोलणार आहे तो परत गेल्यावर काय झाला याबद्दल. तो खासदार झाला, अन् तोही फारसा कुणाच्या लक्षात न राहिलेला.

एलिझाबेथ लाँगफर्ड यांनी त्याचं चरित्र दोन खंडांत लिहिलं. १९६९च्या पहिल्या खंडाच्या नावात तलवार आहे, १९७२च्या दुसऱ्याच्या नावात राज्याचा आधारस्तंभ. म्हणजे आधी शिपाई, मग राजकारणी. वाचायला सोयीचं आहे, पण मला ही वाटणी पटत नाही. हा माणूस हिंदुस्थानात येण्याआधीच, १७९०पासून, आयर्लंडच्या पार्लमेंटात बसत होता. ट्रिम गावची ती जागा म्हणजे घरचीच.

१८०५मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढच्याच एप्रिलात राय नावाच्या गावातून हाउस ऑफ कॉमन्समध्ये! एवढी घाई कशाला? तर थोरला भाऊ रिचर्ड, नुकताच गव्हर्नर जनरलपदावरून उतरलेला, अडचणीत होता. जेम्स पॉल नावाचा एक खासदार त्याच्या मागे लागला होता. पॉलनं लखनौत व्यापार केलेला. १८०१मध्ये अवधच्या नवाबाकडून निम्मं राज्य कसं लिहून घेतलं, याचा जाब तो मागत होता. आता पॉल काही साधू नव्हता. नवाबानं त्याला लखनौबाहेर काढलं तेव्हा परत जायला रिचर्डचीच मदत झाली होती, अन् विरोधकांनी त्याला कृतघ्न ठरवलं. पण प्रश्न विचारणारा कसा आहे यावरून प्रश्न खोटा ठरतो का? १८०६च्या निवडणुकीत पॉल वेस्टमिन्स्टरला पडला. मार्च १८०८मध्ये सभागृहानं रिचर्डच्या बाजूनं कौल दिला. एप्रिलात पॉलनं आत्महत्या केली.

या प्रकरणाचा मुख्य भर अवधवर होता. इकडे १७ डिसेंबर १८०३ला देवगावच्या छावणीत आर्थरनं रघूजी भोसल्यांशी तह केला. त्यात कटक कंपनीला गेलं, वर्धेच्या पश्चिमेकडचा वऱ्हाडातला भोसल्यांचा हिस्सा सुटला, आणि १८०४मध्ये तो निजामाच्या पदरात पडला. गाविलगड अन् नरनाळा तेवढे भोसल्यांकडे राहिले. त्या सभागृहात आपल्या बाजूनं विचारायला कोण होतं? आर्थर आधी रायचा प्रतिनिधी, मग मिचेलचा, मग न्यूपोर्टचा. तीनही गावांत मतदार मूठभर, पण त्यांना प्रतिनिधी होता. अचलपूरला नव्हता. चरित्रात ही वर्षं दोन युद्धांमधली सुट्टी वाटतात. वऱ्हाडात बसून वाचणाऱ्याला तसं वाटायचं कारण नाही. आपणही, खरं सांगायचं तर, गड पडला की गोष्ट थांबवतो.

२ नोव्हेंबर १८३०ला हाच गृहस्थ पंतप्रधान म्हणून लॉर्ड्सच्या सभागृहात म्हणाला, की आपल्या प्रतिनिधित्वाच्या पद्धतीत सुधारणेची गरज नाही. दोन आठवड्यांत त्याचं मंत्रिमंडळ गेलं. १८३२च्या कायद्यानं मिचेलची जागाच रद्द झाली. वऱ्हाड प्रांत तेव्हा निजामाकडेच होता.