खापऱ्याचे जीवनवृत्त आणि मारक मात्रेचा हिशेब

साठवणीच्या धान्यातील भुंगेऱ्यांवर जे प्रबंध लिहिले जातात त्यांची घडण बहुधा ठरलेली असते. प्रथम जीवनक्रमाचे प्रकरण, मग कीटकनाशकांच्या मारक मात्रांचे. आणि पहिल्याचा दुसऱ्याला क्वचितच उपयोग झालेला दिसतो. खापऱ्याच्या (ट्रोगोडर्मा ग्रॅनॅरियम) बाबतीत ही फारकत विशेष घातक ठरते.

पिठातील तांबडा भुंगेरा प्रौढावस्थेत महिनोन्महिने जगतो व खातो. त्याच्या प्रौढांवर औषध अजमावणे युक्तच आहे. खापऱ्याचे प्रौढ मात्र अल्पायुषी असून त्यांचे अन्नावाचून अडत नाही. नासधूस करते ती अळी. ३५ अंश सेल्सिअसच्या सुमारास एक पिढी महिनाभरात पुरी होते, आणि अशाच उबेत पोसलेल्या चपळ अळ्या प्रयोगाच्या बशीत मारल्या जातात. कोठारातील वस्तुस्थिती निराळी. तेथे गर्दी झाली वा थंडी पडली की काही अळ्या कोषात न जाता भिंतींच्या भेगांत, पोत्यांच्या शिवणींत सुप्तावस्थेत शिरतात आणि अन्नावाचून प्रसंगी वर्षानुवर्षे तग धरतात. फवारा त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शिवाय काचेवर प्रभावी ठरलेले मॅलॅथिऑन सिमेंटच्या वा चुन्याच्या अल्कधर्मी पृष्ठावर लवकर विघटन पावते, ही गोष्ट बशीतील आकड्यांत कोठेच उमटत नाही.

१९५३ मध्ये कॅलिफोर्नियात खापरा आढळला, तेव्हा निर्मूलनासाठी इमारतीच्या इमारती ताडपत्रीने झाकून मिथिल ब्रोमाइडची धुरी द्यावी लागली. अळी कोठे दडते हे ओळखूनच तो खटाटोप झाला होता. ओझोनच्या रक्षणार्थ त्या वायूवर निर्बंध आल्यानंतर भिस्त आली ती फॉस्फीनवर. पण फॉस्फीन संथ मारणारा वायू आहे: तीव्रता दुप्पट केल्याने अवधी निम्मा होत नाही. सुप्त अळीसाठी तर अवधीच निर्णायक ठरतो, आणि गळकी थप्पी तो अवधी मिळूच देत नाही.

धुरीनंतर वाचलेल्या अळीला सरसकट ‘प्रतिकारक्षम’ म्हणण्याची घाई त्यामुळेच समर्थनीय नाही. प्रतिकार हा आनुवंशिक गुण. सुप्ती ही अवस्था होय, तिच्याकडे जाण्याचा कल आनुवंशिक असला तरीही. मात्रांच्या तक्त्यात अळीची अवस्था, तिला पोसण्याचे तपमान आणि गर्दी यांचे रकाने नसले, तर ती मात्रा कोणत्या अळीची, हे वाचकाला ठरवता येत नाही.