शिक्षकाची सनद आणि शाळेतला शिपाई

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधी निकाल दिला आणि महाराष्ट्रातील शाळांच्या शिक्षकवर्गात खळबळ उडाली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा येण्यापूर्वी ज्यांच्या नेमणुका झाल्या, अशा शिक्षकांचाही त्यात समावेश आहे. ज्यांच्या सेवेची पाचांहून अधिक वर्षे शिल्लक आहेत त्यांनी दोन वर्षांच्या आत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावे, नाहीतर नोकरी सोडावी. ज्यांची पाचांहून कमी उरली आहेत त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवावे, पण पदोन्नती मागू नये, असा त्या निकालाचा आशय. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न तेवढा मोठ्या पीठाकडे गेला. वीस-पंचवीस वर्षे फळ्यासमोर उभा असलेला माणूस पुन्हा परीक्षार्थी झाला. शिक्षक संघटना रस्त्यावर उतरल्या.

आपल्या चळवळीतल्या मित्रांमध्ये या निकालावर जे बोलणे झाले, त्यातून दोन मते पुढे आली. एक मत असे की, गुणवत्ता हा शब्दच प्रस्थापितांचा. परीक्षा हे आपल्या पोरांना दाराबाहेर ठेवण्याचे जुने हत्यार, म्हणून ती नाकारलीच पाहिजे. दुसरे मत याच्या उलट. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आज मुख्यतः आपलीच मुले उरली आहेत, त्यांना वाचता येत नाही, मग शिक्षकाची परीक्षा झाली तर बिघडले कुठे? दोन्ही मतांमागे अनुभव आहे. परंतु दोन्ही मते एकाच गोष्टीपाशी थांबतात, आणि ती म्हणजे शिक्षकाच्या हातातला कागद. हा कागद नेमके काय पाहतो आणि काय पाहत नाही, याची चिकित्सा दोन्हींकडून होत नाही.

मी एका ग्रामीण महाविद्यालयात मराठी शिकवतो. घराण्यातला पहिला पदवीधर. सेट परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही काही वर्षे तासिका तत्त्वावर काढली. कागद हाती असणे आणि नोकरी हाती असणे यांतले अंतर मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. तरीही शिक्षकाला पात्रतेची अटच नको, असे म्हणायला माझे मन धजत नाही. याचे पहिले कारण महात्मा फुले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केले त्यात शिक्षकांविषयीचा भाग आपण पुन्हा नीट वाचला पाहिजे. अप्रशिक्षित शिक्षक, ते खरोखरच कार्यक्षम असल्याखेरीज, काढून त्यांच्या जागी प्रशिक्षित शिक्षक नेमावेत, अशी त्यांची स्पष्ट मागणी आहे. म्हणजे प्रशिक्षणाची अट शूद्रातिशूद्रांच्या बाजूने प्रथम मागितली गेली, ती आपल्यावर कोणी लादलेली नव्हती. पण जोतीराव तेवढ्यावर थांबत नाहीत. त्या काळचे बहुतेक शिक्षक ब्राह्मण होते आणि धर्माच्या समजुतीमुळे ते मुलांपासून अलग राहत. म्हणून शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, वेळ पडली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस धरायला त्यांना लाज वाटू नये, त्यांच्या प्रशिक्षणात शेती आणि आरोग्य हे विषय असावेत, असे ते सांगतात. पगार १२ रुपयांहून कमी नको, मोठ्या गावांत १५ किंवा २० हवा, असा आकडाही देतात. शिवाय गावच्या हिशेबतपासणीचे, टपालाचे काम शिक्षकाकडे देऊन गावात त्याचा दर्जा वाढवावा, असेही सुचवतात.

प्रशिक्षण, शिक्षकाचे मुलांशी असलेले नाते, पुरेसे वेतन आणि गावातील प्रतिष्ठा, अशी ही चार अंगांची मागणी होती. राज्यकर्त्यांनी, गोऱ्या आणि मग काळ्या, त्यांतले एक अंग उचलले. प्रमाणपत्र मागायला पैसा लागत नाही, म्हणून तेवढे ठेवले. २००० साली महाराष्ट्र शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे महिना ३,००० रुपये मानधनावर राबवून घेण्याची ही योजना. मानधन पुढे ६,००० झाले, आणि २०२३ पासून १६,०००. पात्रता पूर्ण मागायची आणि दाम अर्धाही द्यायचा नाही, हा व्यवहार गावगाड्यात आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. त्याला बलुतं म्हणत.

आता परीक्षेचा मजकूर पाहू. पहिली ते पाचवीसाठीचा पेपर १५० गुणांचा. बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्र, दोन भाषा, गणित, परिसर अभ्यास, प्रत्येकाला ३० गुण. चार पर्यायांतून एक निवडायचा. खुल्या प्रवर्गाला ६० टक्के, राखीव प्रवर्गाला ५५ टक्के. शिक्षकाला भागाकार यावा, शुद्ध लिहिता यावे, मूल कसे शिकते हे ठाऊक असावे, यात गैर काही नाही. माझा प्रश्न असा आहे की, ज्या शिक्षकांनी आपल्याला वर्गाबाहेर बसवले ते या परीक्षेत नापास झाले असते काय?

आपल्या साहित्याने याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) सुरुवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्णांची मुले एका बाजूला जेवतात, महारांची मुले दुसऱ्या बाजूला. आणि नंतर मास्तर वर्गात सांगतात, सहलीवर निबंध लिहा. या पोराची लेखणी चालत नाही. समीक्षकांनी या प्रसंगातल्या भुकेविषयी पुष्कळ लिहिले. मला त्यातला मास्तर अधिक विचार करायला लावतो. सहलीला नेणे आणि अनुभवावर लिहायला लावणे ही अध्यापनशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे उत्तम पद्धत आहे. पाठ टाचणात लिहून दिली असती तर तपासणाऱ्याने बरोबरची खूण केली असती. पद्धतीत चूक नव्हती. ज्या अनुभवावर निबंध लिहायचा तो अनुभवच मास्तरांनी दोन पंक्तींत वाटून दिला होता, आणि त्यांना ते दिसत नव्हते.

याच्याही आधीचा दाखला साताऱ्याच्या शाळेचा. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, त्यांना वर्गात वेगळे, स्वतःच्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरत नसे. नळ सोडायला शिपाई लागे. शिपाई नसला तर पाणी नाही. हे वाचताना आपण अस्पृश्यतेचा संताप अनुभवतो, तो योग्यच आहे. पण शाळा कशी चालते, याविषयीही त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्या मुलाचा शाळेतला दिवस सहन होणार की नाही, हे मास्तराच्या पात्रतेवर ठरत नव्हते. ते शाळेतल्या सर्वांत खालच्या पगाराच्या माणसाच्या हातात होते. आणि हे अशा मुलाबाबत घडत होते की ज्याचे वडील, सुभेदार रामजी, स्वतः पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकून शिक्षक झाले होते. शिक्षकाचा कागद त्या घरात होता, तरी नळ बंदच होता.

हा शाळेतला खालचा माणूस आजही कोणत्याच नोंदीत नाही. दिव्यांग मुलांच्या शिक्षणात तर हे फारच उघड दिसते. तिथे कायद्याने नोंदणी आहे. भारतीय पुनर्वास परिषद कायदा, १९९२ प्रमाणे विशेष शिक्षकाचे नाव केंद्रीय नोंदवहीत असावेच लागते. नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला, आणि पुढे प्राथमिक स्तरावर अशा १० मुलांमागे आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक हवा, असे प्रमाण ठरले. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रशाळांच्या पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय घेतला. हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु या परिषदेच्या नोंदवहीत १६ प्रकारचे व्यावसायिक आहेत, वाक्‌चिकित्सकापासून कृत्रिम अवयव बनवणाऱ्यापर्यंत, आणि त्यांत काळजीवाहक नाही. मुलाला संडासला नेणारी, भरवणारी, खाली पडल्यावर उचलणारी बाई नाही. ज्या विशेष शाळा मी पाहिल्या तिथे या बायका बहुतेक आपल्या वस्त्यांतल्या आहेत. झटके आलेल्या मुलाला कोणत्या कुशीवर वळवायचे, हे त्यांतल्या अनेकींना अनुभवाने नीट ठाऊक आहे. पण त्याची दखल घेणारे प्रशिक्षण नाही, श्रेणी नाही, नाव कुठेच नाही. ज्ञान कशाला म्हणायचे आणि चाकरी कशाला, ही विभागणी कोणत्या वर्णव्यवस्थेतून आली हे या अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

हे असेच असावे लागते असे नाही. ब्रिटनमधील वेल्स या छोट्या देशात २००० सालापासून शिक्षकांची नोंदवही आहे, आणि २०१६ पासून शाळेत मुलांच्या शिकण्याला हातभार लावणाऱ्या मदतनीसांनाही त्याच परिषदेकडे नाव नोंदवावे लागते. त्यांचे शुल्क शिक्षकांहून कमी आहे, आचारसंहिता मात्र दोघांना एकच. गैरवर्तनाचा आरोप आला तर सुनावणी होते, आणि सिद्ध झाल्यास नाव नोंदवहीतून काढले जाते. वेल्सचे सगळे आपण उचलावे असे मी म्हणत नाही. मदतनीस हीसुद्धा मुलाच्या शिक्षणाला जबाबदार असलेली व्यक्ती आहे, एवढे तिथल्या कायद्याने मान्य केले, हे मला महत्त्वाचे वाटते.

इथे परीक्षा आणि सनद यांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. वकिलाला सनद मिळते, ती १९६१ च्या कायद्याप्रमाणे राज्याची बार कौन्सिल देते. त्या कौन्सिलवर वकीलच निवडून जातात, आणि गैरवर्तन सिद्ध झाले तर सनद रद्द होते. सामान्य शिक्षकाला आपल्याकडे अशी सनद नाही. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषद पात्रता ठरवते आणि अध्यापक विद्यालयांना मान्यता देते. शिक्षकांची स्वतःची परिषद नाही, स्वतःची नोंदवही नाही. आहे ती परीक्षा. तिचे प्रमाणपत्र आधी सात वर्षांपुरते होते, २०२१ पासून आजन्म झाले. म्हणजे एकदा ९० गुण मिळवले की पुढे त्या माणसाने वर्गात जात विचारून ओळी लावल्या तरी त्या प्रमाणपत्राला धक्का लागत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी केली, पण कारवाई सोपवली सेवानियमांवर. प्रत्यक्षात बहुधा निलंबन होते, मग बदली. बदली होऊन तो शिक्षक दुसऱ्या गावच्या आपल्याच मुलांपुढे उभा राहतो.

आणि ही परीक्षा तरी किती निर्मळ? २०१९-२० च्या पात्रता परीक्षेतील गैरव्यवहारात, डिसेंबर २०२१ मध्ये, परीक्षा घेणाऱ्या परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. पुढे साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. आरक्षणाच्या पाच टक्क्यांच्या सवलतीवरून आपल्या पोरांना हिणवणाऱ्यांनी त्या वेळी गुणवत्तेसाठी मोर्चा काढल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पैसे देऊन गुण वाढवणे हा श्रीमंताचा अपघात आणि पाच टक्के सवलत हा गरिबाचा गुन्हा, अशी ही गुणवत्तेची व्याख्या आहे.

मग आपण कोणती बाजू घ्यावी? मला वाटते, आपली बाजू मुलाची आहे, आणि तिथूनच मागण्या ठरतात. सेवेतल्या शिक्षकाची परीक्षा घ्यायची तर शासनाने आधी त्याला पगारी रजा आणि मोफत प्रशिक्षण द्यावे. ज्यांना वर्षानुवर्षे जनगणना, निवडणूक आणि खिचडीच्या हिशेबात गुंतवले त्यांना एकदम अपात्र ठरवण्याचा नैतिक अधिकार शासनाला नाही. दुसरे, शिक्षकांची राज्य नोंदवही हवी, तिची परिषद निवडून आलेली हवी, आणि तिच्यात अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि स्त्रिया यांना राखीव जागा हव्यात. तिसरे, काळजीवाहक, मदतनीस आणि शिपाई यांचीही नोंद त्याच वहीत, प्रशिक्षणासह आणि वेतनश्रेणीसह हवी. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, मुलाशी जातीवरून भेदभाव करणे हे नाव काढून टाकण्याचे कारण म्हणून नियमांत शब्दशः लिहिलेले हवे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. नाव काढण्याचा अधिकार ज्यांच्या हाती जाईल ते तो पहिल्यांदा आपल्याच शिक्षकावर चालवतील. गावच्या पाटलाला न आवडणाऱ्या बौद्ध गुरुजीविरुद्ध तक्रारअर्ज लिहून घेणे अवघड नाही. म्हणूनच राखीव जागांशिवाय, उघड सुनावणीशिवाय आणि अपिलाशिवाय अशी नोंदवही मला मान्य नाही. परंतु आज तरी काय चालू आहे? तक्रार आजही होते, निर्णय आजही होतो. तो बंद दाराआड, एखाद्या अधिकाऱ्याच्या टेबलावर होतो. त्याहून नियमाने चालणारी, लेखी कारणे देणारी सुनावणी आपल्या शिक्षकाला अधिक संरक्षण देईल.

शिक्षक संघटनांची मागणीपत्रे आज मुदत वाढवा आणि अट शिथिल करा एवढ्यावर अडली आहेत. त्या संघटनांत आपले हजारो शिक्षक आहेत. पुढच्या मागणीपत्रात जातिभेदाचे हे कलम आणि काळजीवाहक बायकांच्या नोंदीचे कलम त्यांनी घालून दाखवावे. संघटनेतले कोण त्यावर सही करायला कचरते, हेही त्या निमित्ताने आपल्याला कळेल.