राग, जॅझ आणि एक तबकडी

तळेगाव (श्यामजी पंत) हे नागपूर-अमरावती महामार्गावरचे गाव. पूर्वी येथल्या माणसाला गाण्याची तबकडी घ्यायची झाली, तर एस.टी.ने या दोहोंपैकी एखादे शहर गाठावे लागे. त्यामुळे घरात येणारी प्रत्येक तबकडी पुरेसा विचार करूनच येई. माझ्या वडिलांनी अशीच एक तबकडी आणली होती, ‘कॉल ऑफ द व्हॅली’. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, हरिप्रसाद चौरसिया यांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रा यांची गिटार यांनी काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागांतून उभा केला, ती ही १९६७ सालची ध्वनिमुद्रिका. रविवारी मिस्साहून परतल्यावर आमच्या घरी ती लागे आणि ती संपेपर्यंत कोणी मोठ्याने बोलत नसे.

अलीकडे माझ्या पुतण्याने आजोबांना भेट म्हणून दुसरी एक तबकडी घ्यायचे मनात आणले. शंकर-जयकिशन यांची ‘राग-जॅझ स्टाइल’ ही १९६८ सालची ध्वनिमुद्रिका. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, मियाँ मल्हार, मिश्र पिलू, शिवरंजनी, भैरवी असे अकरा राग तिच्यात जॅझच्या अंगाने वाजविलेले आहेत. नाव ऐकताच वडील म्हणाले, “रागाला कोट-पाटलोण घालून काय मिळवायचे?” पुतण्या माझ्याकडे वळला, “काका, तुम्हीच सांगा, घ्यावी की नाही?” प्रश्न पैशांचा होताच; पण त्याहून अधिक तो एका वृद्ध माणसाच्या श्रद्धेचा होता. म्हणून मी ही तबकडी अनेक वेळा, आणि दर वेळी घरातल्या जुन्या तबकडीशेजारी ठेवून ऐकली.

प्रथम वडिलांच्या आक्षेपाचाच विचार करू. परकी वाद्ये आली म्हणून राग बाटतो, हे मला मान्य नाही. ज्या तबकडीवर वडिलांचा एवढा जीव आहे तिच्यातील गिटार तरी कोठली? काब्रांनी ती मांडीवर आडवी घेतली, तारांवर धातूची कांडी सरकवली आणि तिच्यातून मींड काढली. व्हायोलिनचीही कथा तीच. वाद्य कोठून आले यापेक्षा ते रागाच्या चालीने चालू शकते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

येथेच ‘राग-जॅझ स्टाइल’ची अडचण सुरू होते. पियानोचे स्वर कायमचे बांधलेले असतात. एका पट्टीवरून दुसरीवर उडी मारता येते, घसरता येत नाही. हाच दोष दाखवून आकाशवाणीने १९४० ते १९७१ या काळात हार्मोनियमलाही दार बंद ठेवले होते. आता तोडी घ्या. कोमल रिषभ, कोमल गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत हे स्वर कागदावर लिहिले म्हणजे तोडी होत नाही. तिचा गंधार नेहमीच्या कोमल गंधाराहूनही किंचित खाली झुकतो आणि त्या झुकण्यातच तिची व्याकुळता साठलेली असते. रईस खाँ यांची सतार ती व्याकुळता क्षणभर दाखवते. परंतु मागचा ताल आणि स्वरमेळ तिला तेथे थांबू देत नाहीत. काही मिनिटांत सारे आटोपायचे असते. भैरवाच्या आंदोलित रिषभाचेही असेच होते. या दोन ठिकाणी वडिलांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

पण मालकंस, कलावती आणि शिवरंजनी ऐकताना माझे मत पालटले. हे पाच-पाच स्वरांचे राग. त्यांची ठेवणच इतकी ठळक, की सॅक्सोफोनने आपल्या भाषेत उच्चारली तरी ओळख पुसली जात नाही. शिवाय सॅक्सोफोन व ट्रम्पेट ही फुंकीची वाद्ये असल्याने त्यांना स्वर थोडा वाकवता येतो. जॅझच्या मुळाशी असलेल्या आफ्रिकी-अमेरिकी गाण्यातही तिसरा आणि सातवा स्वर असाच खाली झुकवून गाण्याची रीत आहे. १९५९ साली माइल्स डेव्हिस यांनी ‘काइंड ऑफ ब्लू’मध्ये स्वरमेळांची सततची बदलाबदल कमी करून एकेका स्वरसप्तकावर रेंगाळण्याचा मार्ग धरला, तेव्हा जॅझ आपल्या रागाच्या बराच जवळ येऊन ठेपला होता. तेव्हा ही सोयरीक अगदीच ओढूनताणून जुळवलेली नाही.

निर्णायक कसोटी ठरला पिलू, कारण तो दोन्ही तबकड्यांवर आहे. संतूर-बासरीचा पिलू संथ, घरगुती आणि काहीसा उदास वाटतो. जॅझमधला मिश्र पिलू बाजारपेठेतून हसत-बोलत जाणाऱ्या माणसासारखा आहे. पिलू हा मुळातच मोकळा राग; बाराही स्वरांना त्याच्या घरी येणे-जाणे असते. त्यामुळे येथे जॅझला त्याच्यावर जबरदस्ती करावी लागली नाही. दोन्ही पिलू मला खरे वाटले.

यावरून माझ्यापुरता निष्कर्ष असा. रागाचे जे सौंदर्य स्वरांच्या मांडणीत असते ते दुसऱ्या भाषेत नेता येते. जे दोन स्वरांच्या मधल्या अवकाशात असते ते मागेच राहते. ही तबकडी पहिल्याच्या बाबतीत यशस्वी होते, दुसऱ्याच्या बाबतीत तिला वेळही मिळत नाही. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ची जागा ती घेणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून कोणी ती घेऊ नये.

तरीही ती घ्यावी, असे मी पुतण्याला सांगितले. त्याला आणखी एक कारण आहे. सतारीवर रईस खाँ आणि सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग आहेत. त्यांच्यासोबत ट्रम्पेटवर जॉन परेरा, पियानोवर ल्युसिला पाशेको, ड्रमवर लेस्ली गुदिन्हो, गिटारवर अनिबल कॅस्ट्रो. ही आडनावे आपल्या वाचकांना परकी नाहीत. गोव्यातील चर्चच्या गावोगावच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. त्या परंपरेतून निघालेल्या शेकडो वादकांनी मुंबईची नृत्यगृहे आणि चित्रपटसंगीत उभे केले. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ अनेक वर्षे रचले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांना एका व्यासपीठावर आणले. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर अशा वादकांची नावे क्वचितच छापली जात. या तबकडीवर मात्र ते कोणाच्या गळ्यामागे उभे नाहीत. सतारीच्या शेजारी, पुढच्या रांगेत बसले आहेत.

तबकडी घरी आली. तोडी सुरू होताच वडिलांनी मान हलवली. ती नापसंतीची होती. मालकंसाला ते गप्प राहिले. मिश्र पिलूच्या वेळी त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर ठेका धरू लागल्याचे मी पाहिले. तबकडी संपल्यावर ते पुतण्याला म्हणाले, “ट्रम्पेट वाजवणाऱ्याचे नाव काय म्हणालास?” नाव ऐकून घेतले आणि म्हणाले, “दुसरी बाजू पुन्हा लाव. तोडी मात्र नको.”

आमच्या घरापुरता यापेक्षा नेमका अभिप्राय मला देता आला नसता.